आईचं साळिंदर

२ फेब्रुवारी, रविवार

आईला खेळात घेऊन मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय!

झालं असं — आमच्यातला चौथा गडी नोकरीपायी दुसऱ्या गावी गेला. खुर्ची रिकामी. आई शेजारीच मशीनवर कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होती. तिथूनच म्हणाली, "माझ्या कटिंगच्या टेबलावर खेळता, मग मला का नको?" काय बोलणार! टेबल तिचं, खोली तिची, मधला चहाही तीच करते.

बसवली. नियम समजावले. गोष्ट मी रचून सांगते, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकून पुढे सरकतात. आपण सगळे एका जादूच्या राज्यातले भटके. प्रत्येकाच्या हातावर एका प्राण्याचं गोंदण. संकट आलं की तो प्राणी जिवंत होऊन कातडीतून बाहेर येतो, लढतो आणि परत हातावर जाऊन बसतो. आमच्याकडे खेळाआधी ते गोंदण स्केचपेनने खरोखर हातावर काढायची पद्धत आहे. लंबूने (मावसभाऊ. उंची वाढली, अक्कल यायचीय) वाघ काढला, नेहमीसारखाच मांजर दिसणारा. औषधांच्या दुकानातल्या ताईंचं घुबड. आणि आईचं?

"साळिंदर."

म्हटलं, अगं गरुड घे, अस्वल घे, काहीतरी दणकट घे! "नको. साळिंदर आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही. अंगावर आलं कुणी, तरच." बरं बाई, साळिंदर तर साळिंदर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा फोन. वहिनीची रजा संपतेय, बाळाला सांभाळायला कुणी नाही. आईने शिवणकाम आवरून आता कायमचं त्यांच्याकडेच यावं म्हणतो. "तिला विचारून बघतेस का?" म्हणाला. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, येईल की! आई कधी कशाला नाही म्हणालीय?

आई समोरच काजं करत बसली होती. काही बोलली नाही. म्हणजे होच.

९ फेब्रुवारी, रविवार

डोकं फिरलंय नुसतं!

दलदलीत लंबूच्या योद्ध्याला विषारी बाण लागला. आता नियम असा, की सोबत्याने आपलं गोंदण त्याला देऊन टाकलं तर तो वाचतो. अंगठा ओला करायचा, आपल्या हातावरचं चित्र पुसायचं, समोरच्याने ते स्वतःच्या हातावर काढायचं. प्राणी कायमचा त्याचा. माझ्या अख्ख्या गोष्टीचा गाभा आहे हा! शेवटचा दरवाजा उघडतो तोच मुळी सगळ्यांनी आपापला प्राणी दुसऱ्याला दिल्यावर. वर्षभर रचतेय मी हे.

ताई पलीकडच्या काठावर. लंबूजवळ फक्त आई.

"दे ना गं मावशी!"

"नाही."

"अगं, मी मरतोय!"

"मग बाणासमोर कशाला गेलास? मी ओरडले होते."

मेला लंबू. चहासुद्धा न घेता निघून गेला. ताई खाली मान घालून हसत होत्या. आणि आमच्या मातोश्री, साळिंदर भिजू नये म्हणून एक हात वर धरून दुसऱ्या हाताने कप विसळत होत्या!

१० फेब्रुवारी

दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे चढवत होते आणि डोक्यात आईच. ही बाई माझ्या जुन्या स्वेटरवर थंडी काढते, दादा इथे होता तेव्हा त्याला चालायचा नाही म्हणून टीव्हीचा आवाज कमी ठेवायची, अजूनही तसाच ठेवते. आणि खोट्या योद्ध्यासाठी तिला एक खोटं साळिंदर सोडवत नाही? कमाल आहे!

१६ फेब्रुवारी, रविवार

लंबू नवं पात्र घेऊन आला. मेलेल्या योद्ध्याचा जुळा भाऊ. धन्य! वाघही तोच.

मीही तयारीनिशी बसले होते. नवा नियम काढला — सोबती मरायला टेकला की जवळच्याचं गोंदण आपोआप सुटून त्याच्याकडे जाईल. विचारायची भानगडच नाही.

"हा नियम कधी झाला?" आई.

"आत्ता."

"मला न विचारता?"

"खेळ मी चालवते, आई."

ती म्हणाली, "साळिंदराला तरी विचारलंस का?"

लंबू खो-खो हसत सुटला. मला इतका राग आला की खेळ तिथेच गुंडाळला. एवढं रागवण्यासारखं काय होतं, ते अजून कळलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादाने आईचं तिकीट काढलं. मला कळवलं, मी आईला सांगितलं. "बरं," एवढंच. मशीनचं काय करायचं विचारलं तर दादा म्हणतो, इकडे पाय ठेवायला जागा नाही, मशीन कुठे ठेवू?

आईने मशीनला तेल घातलं, पट्टा घट्ट केला. जायचंय तर आता हे कशाला?

२३ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा दरवाजा! मी हौसेने वाटीत पाणी ठेवलं होतं, अंगठे बुडवायला. ताईंनी घुबड पुसून लंबूला दिलं. लंबूने हळहळत वाघ पुसून आईला दिला. आईने तो काढून घेतला उजव्या हातावर. छान काढला, लंबूपेक्षा बरा. आता तिची पाळी.

आज आई पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून बसली होती. डावा हात पुढे केला. बाहीवर काळ्या दोऱ्याने भरलेलं साळिंदर! एकेक काटा दुहेरी दोऱ्याचा.

"पूस," म्हणाली.

आणि मी खरंच अंगठा बुडवून घासलं! ढिम्म हललं नाही.

"आई, अशाने दरवाजा उघडणार नाही! वर्षभर राबलेय मी!"

"नाही तर नाही. दरवाजाच्या अलीकडे काय वाईट आहे? मी राहते इथेच."

"अगं, तुझ्यापायी सगळे अडकलेत!"

"मला विचारलं होतंत का कुणी, जायचंय का म्हणून?"

आवाज चढला नव्हता. ताईंनी गुपचूप फासे डबीत भरले. मी वाटीतलं पाणी ओतून आले आणि मोरीपाशी उभी राहून रडले. आपण दरवाजाबद्दलच बोलतोय ना, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. फोनवर "येईल की" म्हणणारी मीच!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा फोन. तणतणत होता. आईने त्याला तिकीट रद्द करायला सांगितलंय. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मी माझं साळिंदर देत नाहीये."

"साळिंदर? तिला झालंय तरी काय? तू जरा समजाव तिला!"

आई समोर मशीनवर. पाय थांबलेला. माझ्याकडे बघत नव्हती.

म्हटलं, "दादा, पाळणाघर शोध. तिचं नाही म्हणणं नियमात बसतं."

मशीन पुन्हा सुरू झालं.