पुढे झुकलेली काच

१२ जानेवारी २०१७, गुरुवार. हॅमिल्टन.
नवी वही. संकल्प: रोज लिहिणे. पहिले अकरा दिवस थंडीत गेले, ते धरायचे नाहीत.

आज क्लबला गेलो. जुन्या ब्रिटिश लष्करी गाड्यांचा क्लब, अँकास्टरच्या पुढे एका शेतावरच्या बार्नमध्ये. रणगाडे आमच्याकडे नाहीत. रणगाडे कुणालाही ओळखता येतात. आमच्याकडे त्यांच्या मागून येणाऱ्या गाड्या: पाण्याचा टँकर, अँब्युलन्स, फिरतं वर्कशॉप, ब्रेकडाऊन. बाकीच्या मेंबरांनी त्या पुस्तकात पाहिल्या. माझे पप्पा त्यांच्या पोटाखाली झोपून पगार घ्यायचे. खडकीच्या आर्मी वर्कशॉपमध्ये फिटर होते.

पप्पांची ब्रेकडाऊन, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारी, मी सात वर्षांचा असताना आत बसून पाहिली आहे. स्कॅमेल. अस्सल विलायती. पुढची काच वरच्या अंगाने पुढे झुकलेली, रस्त्यात पडलेलं नाणं शोधणाऱ्या माणसासारखी. सेक्रेटरी स्टीव्हन म्हणाला की स्कॅमेलची काच अशी नसते, बहुतेक. स्टीव्हन जन्माने इंग्लंडचा असला तरी त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं.

माझ्या कारला विंटर टायर नाहीत, म्हणून मेल्विन लोपीसच्या व्हॅनमधून गेलो. आमच्या वसईचाच, चर्चमध्ये भेटतो, इन्शुरन्समधून रिटायर झालेला. गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. बिचारा बाहेर गारठेल म्हणून आत बोलावलं.

१९ जानेवारी
क्लबमध्ये दर गुरुवारी एक धूसर फोटो दाखवतात, गाडी ओळखायची. मी ताबडतोब बेडफर्ड म्हणालो. मेल्विनने हात वर करून विचारलं, की चाकाला नट किती दिसतात. सगळे पुढे सरकून नट मोजायला लागले. निघाली ऑस्टिनची अँब्युलन्स. मेल्विनला उत्तर आलंच नव्हतं, तरी सगळ्यांनी गुड क्वेश्चन, गुड क्वेश्चन करत त्याची पाठ थोपटली. मला साधा डोनटसुद्धा कुणी पुढे केला नाही.

शिवाय तो चारचौघांत मला अंकल म्हणतो. मी फक्त सहा वर्षांनी मोठा आहे.

२६ जानेवारी
मेल्विनला न नेण्याचं ठरवलं. रात्रभर बर्फ पडला. मेल्विनबरोबर गेलो. उत्तर बेडफर्ड नव्हतं.

१६ फेब्रुवारी
मेल्विनने लागोपाठ तिसरी गाडी ओळखली. नशीब.

दर सोमवारी आमच्या बेसमेंटमध्ये येतो, माझ्या बायकोने, मेबलने, तळलेले फुगे, म्हणजे आमच्या वसईचे गोल वडे, खातो आणि पप्पांच्या गाडीबद्दल खोदून खोदून विचारतो. दार पुढे उघडायचं की मागे? काच उघडायला काय होतं? बॉनेट किती आखूड? सगळं वहीत टिपतो. पप्पांचा फोटोही नेऊन कॉपी काढून आणला. फोटोत पप्पा, पाना आणि अर्धा मडगार्ड. मी भरभरून सांगतो. विद्या दिल्याने वाढते. फक्त ती त्याच्याकडे वाढते आहे हे बरोबर नाही.

मेबल म्हणाली, की तो निदान ऐकून घेतो. ऐकतो तर मीही. मला बोलण्यातून वेळ मिळत नाही इतकंच.

१ मार्च, राखेचा बुधवार
उपवासकाळाचा संकल्प. मटण सोडणं सोपं आहे, कुणीही सोडतं. मी चाळीस दिवस मेल्विनचं नाव काढणार नाही. तोंडानेही नाही, वहीतही नाही.

२ मार्च
एका इसमाने क्लबमध्ये घरची चकली नेली. लोकांनी बशी पुसून खाल्ली. गाड्या ओळखण्याच्या क्लबात चकलीचं काय काम?

९ मार्च
मोठा दिवस! क्लबने ब्रँटफर्डजवळच्या एका शेतकऱ्याकडून सांगाडा आणला. ब्रेकडाऊन. मागे क्रेनचा हूक, पुढे नुसता गंज, काचा नाहीत, दारं नाहीत. ट्रेलरवरून उतरायच्या आत मी तीस फुटांवरून जाहीर केलं: स्कॅमेल. पप्पांची गाडी. सांगताना माझा आवाज जड झाला. स्टीव्हनने टोपी काढली.

तेवढ्यात एक इसम जुना टूथब्रश आणि टॉर्च घेऊन गाडीखाली घुसला. सगळे वाकून त्याचे बूट बघत बसले. माझ्या जड आवाजाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

२३ मार्च
इसम अजून गाडीखालीच.

१३ एप्रिल, पवित्र गुरुवार
कन्फेशनला गेलो. एका इसमाबद्दल थोडं सविस्तर सांगितलं. बाहेर रांग लागली होती. फादर म्हणाले की ह्याला मत्सर म्हणतात. फादर तरुण आहेत, अनुभव नाही. मेबलला सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्या पोटात दुखतंय. माझं पचन उत्तम आहे.

ता. क. कन्फेशनमध्ये मेल्विनचं नाव अकरा वेळा घेतलं. चर्चमध्ये घेतलेलं धरायचं नाही.

११ मे
स्टीव्हनने दोन गोष्टी जाहीर केल्या. पहिली: गाडीखालची पितळी पट्टी, कारखान्याचं नाव कोरलेलं असतं ती, सापडली, घासून वाचली, मेल्विनने. पट्टीवर काय आहे ते तो सांगायला लागला तेव्हा मी वॉशरूमला गेलो. मला पट्टी लागत नाही. मी आत बसलेलो आहे.

दुसरी: कॅनडाला दीडशे वर्षं होताहेत, तर एक जुलैच्या परेडमध्ये गाडी स्वतःच्या चाकांवर जाणार. ड्रायव्हरशेजारी एकच सीट. तिथे कोणी बसायचं ते ज्याने गाडी ओळखली त्याने ठरवायचं. म्हणजे मेल्विनने.

स्वतःच बसणार. मी त्याच्या जागी असतो तर मीच बसलो असतो.

पप्पांच्या गाडीत, पप्पांच्या सीटवर, चकलीवाला! आणि मी फुटपाथवर घडीची खुर्ची घेऊन. जेवण गेलं नाही. फुगेसुद्धा नाही.

१२ मे, दुपारी ३
हा व्यक्तींचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. परेडच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलं आहे की फक्त कॅनडाचा वारसा. मग इंग्लंडची गाडी त्यात कशी? परेड कमिटीला ईमेल केला. सही: एक जागरूक नागरिक. मेलसाठी नवा पत्ताही काढला. नुसत्या आरोपाला वजन येत नाही म्हणून शेवटी एक ओळ घातली, की गाडी शंभर टक्के ब्रिटिश असल्याचं मी खडकीच्या आर्मी फिटरचा मुलगा म्हणून खात्रीने सांगू शकतो.

नाव कुठेही दिलेलं नाही. बेमालूम.

मेबलने विचारलं काय टाइप करतोस. प्रॉपर्टी टॅक्स, म्हणालो.

१५ जून
गाडी उभी राहिली! रंग, काचा, दारं, सगळं बसलं म्हणे. मी बघायला गेलो नाही. गुडघा.

मेल्विनने फोन करून विचारलं, की अंकल, एक तारखेला सूट घालणार का. टोमणे मारायची ही पद्धत झाली.

२२ जून
क्लबला गेलो, गुडघा बरा आहे. गाडी ताडपत्रीखाली. सगळ्यांचे चेहरे पडलेले. परेड कमिटीच्या रुथबाईंचं पत्र आलंय: एका नागरिकाची हरकत आली, क्लबने पट्टीचा फोटो पाठवला तोवर परेडचा क्रम छापून झाला होता, सॉरी. गाडी आता लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये नुसती उभी राहणार.

स्टीव्हन माझ्याकडे बराच वेळ बघत होता. सगळ्यांना धीर दिला. म्हणालो, असे निनावी लोक प्रत्येक समाजात असतात, दुर्लक्ष करावं. मेल्विन ताडपत्रीची दोरी घट्ट करत राहिला. परत येताना व्हॅनमध्ये त्याने रेडिओ लावला.

तत्त्वाचा विजय झाला. झोप मात्र लागत नाही. कॉफी बंद करणे.

१ जुलै, शनिवार
सूट घातला. तत्त्वाला सूट शोभतो.

मेबल मला थेट लायब्ररीमागे घेऊन गेली. गाडी पाहिली आणि मी तिथेच थांबलो. बोकडासारखं आखूड नाक. काच वरून पुढे झुकलेली. पप्पांची गाडी. मी बरोबर होतो!

मग शेजारचा बोर्ड वाचला. शेव्हरोले ब्रेकडाऊन लॉरी. निर्मिती: ओशावा, ओंटारिओ. महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बनलेल्या, जहाजाने हिंदुस्थानातही गेलेल्या गाड्यांपैकी एक. खाली पप्पांचा तो फोटो, हातभर मोठा केलेला. त्याखाली लिहिलं होतं: ही गाडी ओळखली सिरील डाबरे यांच्या आठवणींवरून. त्यांचे वडील पास्कल डाबरे, फिटर, खडकी.

ओशावा. घरापासून दीड तास. पप्पा बाहेरून आलेल्या प्रत्येक गोष्टीला विलायती म्हणायचे, बिस्किटांनासुद्धा.

मेल्विन म्हणाला, की अंकल, पट्टी नंतर सापडली. काच पुढे झुकलेली असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, तशी काच ह्याच गाड्यांची, आणि सांगाड्याची चौकटही तशीच झुकलेली होती. मी फक्त लिहून घेतलं. परेडच्या सीटवर त्याने मेमध्येच माझं नाव दिलं होतं. मेबलला माहीत होतं. सरप्राइज होतं.

त्याने दार उघडून दिलं. आत बसलो. ग्रीस आणि तापलेल्या पत्र्याचा वास, तोच. पप्पांनी मला काखेत धरून वर चढवलं होतं, ते इथेच. रडू आलं. समोर परेड नव्हती, लायब्ररीची पुस्तकं परत टाकायची पेटी होती. बँड पलीकडच्या रस्त्यावरून वाजत गेला.

बँड लांब गेल्यावर मी मेल्विनला विचारलं, की ती हरकत कोणी घेतली ते कळलं का. तो म्हणाला, की अंकल, रुथबाईंनी मेल क्लबला पाठवला होता, सगळ्यांनी वाचला. अख्ख्या ओंटारिओत खडकीच्या फिटरचे मुलगे असून असून किती असणार? मग त्याने डबा पुढे केला. मेबलचे फुगे. मी एक घेतला.

परेड संपल्यावर लोक पार्किंगकडे यायला लागले. एक बाई खिडकीशी थांबली आणि मला विचारलं, की ही गाडी कुठली.

मी तोंड उघडलं. मग म्हणालो, ह्याला विचारा.