नको म्हणायची जागा

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही असं लिहायची पद्धत असते. दबाव भरपूर आला, मी बधले नाही, असं वाचावं. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. असं म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि चष्मा काढून बोलणाऱ्या माणसांची मला चांगली पारख आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर यजमानांना, त्यांच्या पश्चात लेकीला. कोणालाही, विशेषतः स्वतःच्या बहिणीला, "चार दिवस" राहायला बोलावण्याआधी यजमानांनी लेकीला विचारावं.

२. दुकान, काच घासायचं यंत्र आणि नजर तपासायच्या भिंगांची पेटी लेकीला, जिला घरात चिमी म्हणतात. काचेला तिच्याइतकी सफाईदार कड मलाही लावता येत नाही. पेटीतलं एक भिंग फुटलेलं आहे. ते तिच्या बापाने फोडलं, मी नव्हे.

३. बचतीतून आधी गोठवण केंद्राचं वार्षिक भाडं भरत जावं. उरेल ते बाप-लेकीने वाटून घ्यावं.

४. हे भाडं कशाचं ते सांगते. चिमी शाळेत असताना तिची उंची वाढेना म्हणून डॉक्टरांकडे नेली. तपासण्यांत निघालं, तिच्या अंडाशयात बीजं टिकणार नाहीत. पुढे तिला मूल हवंसं वाटलं तर असावीत, म्हणून मी माझी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवली. रोज पोटात सुया टोचून घेतल्या, पोट टम्म फुगलं, तरी बीजं काढली तो दिवस सोडता दुकान बंद ठेवलं नाही.

केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी आम्हां दोघांना बसवून समजावलं होतं. "ही नुसती बीजं आहेत, बाळं नव्हेत. वितळवताना काही टिकतील, काही नाही. पुरुषबीजाशी जुळलं तर भ्रूण होणार, तो रुजला तर गर्भ. प्रत्येक पायरीवर गळती आहे, वचन कुठेच नाही." भ्रूण गोठवले तर दोघांची संमती लागते, नुसत्या बीजांवर हक्क माझा एकटीचा, हेही त्यांनीच सांगितलं. यजमानांनी मान हलवली. मान हलवणं त्यांना छान जमतं. शेवटी बाई म्हणाल्या, "तुमच्या पश्चात काय करायचं ते लिहून ठेवा. नाहीतर घरात भांडणं होतात."

भांडण मी असतानाच सुरू झालं आहे. माझ्या नणंदेच्या सुनेला मूल होत नाही. सून बिचारी भली आहे, ती कधी बोलली नाही. वन्सं मात्र परवा दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "वहिनी, तुमचं काही बरंवाईट झालं तर ती फुकटच जाणार ना? आमच्या सुनेला लिहून द्या. घरातल्या घरात राहील." यजमान म्हणाले, "बघू." हे "बघू" मी लग्नापासून ऐकते आहे. त्याचा अर्थ हो असा होतो.

सबब, ही सर्व बीजं फक्त चिमीची. तिने ती तिशीच्या आत वापरावीत. नणंदेचा व तिच्या घरच्यांचा त्यांवर काडीचाही हक्क नाही.

(वरच्या तीन ओळी रद्द. खाडाखोड माझ्याच हातची असून बाजूला सही केली आहे. कारण पुढीलप्रमाणे.)

हे लिहीत असताना चिमी यंत्र बंद करून आत आली आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागली.

"आई, ह्यात नको म्हणायची जागा कुठाय?"

"तुझ्यासाठीच केलंय सगळं."

"मी मागितलं होतं? आत्याला ती बीजं हवीत, मी ती वापरावीत असं तुला वाटतं. मला काय हवंय ते कोणी विचारलंय का?"

मला राग आला. अजून आहे. सुया मी टोचून घेतल्या होत्या. पण कागदावर नजर गेली, तर तिला खरंच कोणी विचारलेलं नव्हतं. वर मी तिशीची मुदतही घालून ठेवली होती.

सुधारित कलम ४: माझ्या पश्चात ह्या बीजांचं काय करायचं ते चिमी ठरवील. तिला नको असली तर नको. स्वतः वापरायची, नणंदेच्या सुनेला द्यायची की नष्ट करायला सांगायची, ह्याची मुखत्यार तीच. तिला कोणी घाई करू नये, कारण विचारू नये, आणि माझं नाव घेऊन, रडून गळ घालू नये. वकील म्हणाले, केंद्रात नुसतं मृत्युपत्र चालत नाही. म्हणून तिथलं कोरं संमतीपत्र आणून ठेवलं होतं, त्यावरही हेच लिहून मी आत्ता सही केली आहे.

५. नणंदेच्या सुनेला माझा मोत्यांचा सर. नणंदेला तिने पसंत करून ठेवलेली सोनेरी फ्रेम. काचा तिच्या तिने घालून घ्याव्यात.

सही करण्याआधी मी चिमीला विचारलं, "मला एकटीला सांग. हवीत की नकोत?"

"उद्या तू ऑपरेशनमधून बाहेर ये, मग सांगते."

"आणि नाही आले तर?"

"तर तुला कळणार नाही."

ह्या मुलीचा मला भयंकर राग आला आहे, आणि मी भ्याले आहे. दोन्ही गोष्टी पूर्ण शुद्धीत लिहिल्या आहेत.

मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही: चष्मेवाली

साक्षीदार:
१. समोरचे घड्याळजी
२. शेजारच्या छापखान्याच्या बाई
(चिमीला वाटा असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.)

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुकान उघडं असताना