कॅनडा आणि कानडी

मंगळवार, संध्याकाळ. केशवापूर, हुबळी.

अक्काच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आज दाजीबानपेठेत काकांच्या दुकानात गेलो होतो. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, काय शिकतेस? कॅनडाचा इतिहास, म्हटलं. तर काका भर दुकानात म्हणाले, "हिला इथलं कानडी धड येत नाही आणि निघाली कॅनडा शिकायला." सगळे हसले. आईसुद्धा हसली. इतरांचं सोडा, पण आई का हसली?

तिकडच्या शाळांत आदिवासी मुलं स्वतःच्या भाषेत बोलली की त्यांना शिक्षा व्हायची. तेच वाचतेय सध्या. पुढे तिथे जाऊन यावरच अभ्यास करायचाय. जाईनच. आणि आमचे काका? त्यांची नात चिन्नी मराठीत पाणी मागते तेव्हा "से वॉटर" म्हणतात, आणि ती तसं म्हणेपर्यंत पेला देत नाहीत. आजही दिला नाही. तेव्हा आई गप्प.

मग साड्यांच्या ढिगामागे नेऊन मी चिन्नीला एक वाक्य शिकवलं. पोरगी हुशार, लगेच पाठ केलं. लग्नात काका तिला पाहुण्यांपुढे इंग्रजी कविता म्हणायला उभी करणार, हे ठरलेलंच आहे. तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणेल, "हेळंगिल्ल, अज्जा." म्हणणार नाही, आजोबा.

अस्सल हुबळीचं कानडी आहे. धड आहे की नाही ते काकांनीच सांगावं.

आणि आईने तेव्हा हसावं. आजच्यापेक्षा मोठ्यांदा.