पंचेचाळीसची रेकॉर्ड तेहतीसवर

बाबा,

भंडाऱ्याच्या ऑफिसातला तो साहेब खोटा आहे. रेकॉर्डवरचा आवाज तुमचा नाही म्हणे, अन् जुन्या गायकांच्या मानधनाच्या यादीतून तुमचं नाव कापलं! गळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही बोलू शकत नाही, हे पाहूनच तो तेवढा बोलला. ऑफिसवाल्यांनी रेकॉर्डवरून कॉम्प्युटरमध्ये भरलेलं गाणं मी मागून आणलं. शहाण्यांनी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड तेहतीसवर वाजवून भरली होती. मग रेडा हंबरल्यासारखा आवाज नाही येणार तर काय?

मी वेग नीट केला. दोन सीड्या आपल्या प्लेअरनं ओळखल्याच नाहीत, कारण मी नुसती फाइल टाकली होती. तिसरी ऑडिओ सीडी म्हणून बनवली, अन् वाजली! आई तांदूळ पाखडणं सोडून धावत आली. "हा तं तुह्या बाबाचाच आवाज होय वो," म्हणे, "आमच्या लगनाच्या वक्ताचा!"

सीडी घेऊन मी भंडाऱ्याले निघाली. सायबाच्या टेबलावरच लावते. तुमचं तळ्यावर जाऊन लोकांपासून लपणं आता पुरे झालं. मोहाडीच्या स्टँडवर अकराच्या बसपर्यंत तुमची वाट पाहते. सायबापुढे माझ्याजवळ उभे राहायले येता की नाही?

हर्षा