पहिल्या पीसवरची तिसरी सही

निघोजे, रविवार

प्रिय धम्मपाल,

तुला परतूरला जाऊन दोन महिने झाले आणि मी साधा फोन केला नाही. तू म्हणशील, गणराजला तोंड नाही. खरंच नाही. तरी इकडची खबर सांगतो. लाइन तिन्ही शिफ्टला चालू आहे, कँटीनचे पोहे तसेच कोरडे आहेत आणि आपल्या टेबलावर मी एकटाच डबा उघडतो. निम्मा तसाच घरी येतो, जयमाला चिडते.

तोफगोळ्याच्या कवचाचा पहिला पीस निघाला तो दिवस काही डोक्यातून जात नाही. मी सुपरवायझर झालो तेव्हा नियम तूच शिकवलास: पहिल्या पीसच्या कार्डावर ऑपरेटर, सुपरवायझर आणि क्वालिटी अशा तिघांच्या सह्या झाल्याशिवाय दुसरा पीस काढायचा नाही. एकट्याच्या म्हणण्यावर लाइन सुटत नाही. माल कुठल्या देशाला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या देशाने शेजाऱ्यावर हल्ला केला तेव्हा जवळजवळ सगळं जग नको म्हणालं, त्याचे दोस्तही बाजूला झाले, तरी तो गेलाच. तू क्वालिटीचा, तिसरी सही तुझी. तू माप घेतलंस, माप बरोबर आहे म्हणालास आणि पेन परत खिशाला लावलंस.

मी केवढा चढलो तुझ्यावर. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या बाजूने तरी कोण होतं? शंभरावर देशांनी थांबा म्हणून मत दिलं होतं. आमचे कोंडाजी चुलते त्या लढाईत पाय गमावून आले, मग तेही चुकले का? खऱ्याला गावाची परवानगी कशाला लागते, असं मी सगळ्यांसमोर ठासून म्हणालो. तू आवाजही चढवला नाहीस. तेव्हा आपल्या दारात कोटभर निर्वासित उपाशी उभे होते, यांच्या दारात कोण उभं आहे, एवढंच विचारलंस. जग नको म्हणालं म्हणून युद्ध चूक ठरत नाही, पण आपलंच माप चुकलं असेल, असं एकदा तरी वाटायला हवं, असं म्हणालास. मी आणखीच चिडलो.

तासाभरात कंपनीने तुला ब्रेक दिला. कंत्राटी माणसाला बारा वर्षांनी घरी पाठवायला तेवढा एक शब्द पुरतो. दुपारी साहेबांनी नारळ फोडला, कवचाला हार घातला, हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. दसऱ्याला आपण मशीनला लावतो तेच कुंकू, राव. आणि तो पेढा मी खाल्ला. संध्याकाळी चुलत्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पोरगं खरं बोलतंय, आमी लई महिने थांबलो व्हतो, उगं न्हाई गेलो. आता कँटीनमध्ये पोरं त्या युद्धाचे व्हिडिओ बघतात आणि इमारत कोसळली की एकमेकांना टाळ्या देतात. शिसारी येते मला. त्यांची थोडी, माझी जास्त.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुझ्या सहीशिवाय लाइन सुटली कशी, हे तू कधीच विचारलं नाहीस. नारळ फोडायच्या आधी साहेब म्हणाले, कार्ड पूर्ण पाहिजे. तुझ्या रकान्यात तुझी सही मी केली. इतकी वर्षं रोज बघत होतो, हात अडखळलासुद्धा नाही. गुरुवारी लेबर ऑफिसात तुझी सुनावणी आहे आणि कंपनी तेच कार्ड पुढे करणार आहे: सही याचीच, मग नकाराचं नाटक कशाला? पोरंही तुला खोटारडा म्हणायला लागलीत. म्हणून हे फोनवर न सांगता हाताने लिहिलं. पत्र तिथे दाखव. माझी नोकरी जाईल, हे जयमालाला सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, उशीर केलात. खाली माझी सही आहे. तिच्या शेजारी तुझीही केली आहे, त्या दिवशी केली होती तशीच. कार्डाशी ताडून बघायला सांग.

तुझाच, अजून तसं म्हणू देशील तर,
गणराज