सव्वासहा

४ मार्च

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

सुवर्णपदकाची बातमी मी तुला काय सांगणार? पण आमच्याकडे काय धुमाकूळ चालला होता ते तुला कोणी कळवलं नसेल, म्हणून लिहायला बसले. तरणतलावामागच्या माझ्या दोन खोल्यांत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. तुझे बाबा सकाळपासूनच खुर्ची अडवून बसले होते. लहानपणी भाऊ म्हणून माझी जागा बळकावायचे, तीच सवय अजून आहे. खालचा शिंपी दुकानाला कुलूप लावून येणार होता, पण गिऱ्हाईक आल्यामुळे त्याला रेडिओवरच भागवावं लागलं. तुझ्या बाबांनी टीव्हीचा आवाज एवढा मोठा केला होता की टेबलावर हात ठेवला तर लाकूड थरथरत होतं. माझे कान तलावाच्या पाण्यानं कधीच खाल्लेत, त्यामुळे मला मात्र सगळं शांतच होतं.

तुझी शेवटची उडी झाली आणि तू पाण्याबाहेर आलीस तेव्हा तुझ्या आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून निळा आहे. मग झेंडा वर गेला आणि मी रडले. राष्ट्रगीताच्या वेळी तुझे ओठ हलताना दिसले नाहीत. गळा दाटला असेल, माझाही दाटला होता. माझ्या तलावात नाकात पाणी गेलं म्हणून भोकाड पसरणारी पोरगी तिथं उभी आहे, हे डोळ्यांना खरंच वाटेना.

कान कोरडे ठेवत जा. पोहून आल्यावर ओल्या केसांनी झोपू नकोस. माझ्याकडे बघून तरी शहाणी हो.

आशीर्वाद नेहमीचेच, यावेळी थोडे ओले आहेत एवढंच.

तुझी आत्या

---

११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझ्या वसतिगृहाच्या खोलीत सध्या पुष्पगुच्छ जास्त आणि हवा कमी अशी अवस्था आहे. ते सुकायला लागलेत आणि टाकवतही नाहीत. समोरच्या बसथांब्यावर दंतमंजनाच्या जाहिरातीत माझा चेहरा लावलाय. आई मला जन्मापासून ओळखते, पण तिनंही इतके पांढरे दात कधी पाहिले नसतील. जलतरण महासंघाचे सचिव रोज कुठंतरी नेतात, शाल घालतात, हसायला सांगतात. मी हसते.

आत्या, तुझं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. त्यात शिंपी आहे, आईनं धरलेला दंड आहे, माझे ओले केस आहेत. गुण नाहीत.

असं आजवर झालं नव्हतं. काठावरच्या बाकावर बसून तू बोटांनी गुण द्यायचीस. पूर्ण गुणाला पूर्ण बोट, अर्ध्याला वाकवलेलं, आणि पावाला करंगळीचं नुसतं हलवलेलं टोक. खऱ्या स्पर्धेत पाव गुण नसतो, अर्ध्यापेक्षा बारीक तिथं कोणी बघतच नाही, पण तू बघायचीस. फक्त उड्यांनाच नाही, आईच्या चहाला सव्वासात आणि बाबांच्या घाईघाईनं केलेल्या दाढीला पावणेचार मिळायचे. पाण्यातून डोकं वर काढलं की डोळ्यांतलं पाणी निथळायच्या आत मी तुझा हात शोधायची. परवाही शोधला. वर आले, गुणफलकाकडे बघायचं सोडून हात शोधायला लागले, तर सगळीकडे हातच हात होते आणि प्रत्येकात झेंडा. मला इतकी तुझी आठवण आली की पाण्यातच दोन क्षण थांबून राहिले.

तर शेवटच्या उडीचे तुझे गुण कळव. पंचांनी साडेआठ दिलेत, ते मला माहीत आहेत.

लोभात पावाचीही कपात नको.

तुझी बेडकी

---

१९ मार्च

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

जिंकून आलेलं माणूस बहिऱ्या म्हातारीकडे गुण मागतं, हे नवीनच. सात पंच तिथं हाताच्या अंतरावर बसले होते. मी एवढ्याशा पडद्यावर बघत होते, आणि मध्येमध्ये तुझ्या बाबांचं टक्कल आड येत होतं.

इकडे तलावाच्या फरशा बदलायचं काम निघालंय. उथळ बाजू बंद आहे, त्यामुळे नवी पोरं पायऱ्यांवर बसून नुसतेच पाय हलवतात. तुझा फोटो तिकीटखिडकीवर चिकटवलाय. रोज दोघंचौघं तरी खुणेनं विचारतात की मीच का ती आत्या. मी हो म्हणते आणि उगाच साडी सारखी करते.

तुझी शेवटची उडी उत्तम नव्हती, एवढं सांगते आणि विषय संपवते. पण म्हणून पदकाला धक्का लागत नाही. तुझ्यानंतर उडी मारणारी ती बारकी परदेशी मुलगी, मागच्या वर्षी शिबिरात तुझ्या खोलीत राहिलेली, जिला तू काडी म्हणतेस, तीच ना? मनोऱ्याच्या कडेवर पाण्याकडे पाठ करून, टाचा अधांतरी ठेवून, हात वर घेऊन उभी राहिली आणि मग हात खाली घेऊन आत आली. सुरुवात मोडून पुन्हा केली की प्रत्येक पंचाच्या गुणांतून दोन वजा. नियम म्हणजे नियम. तिचं मन डगमगलं, तुझं डगमगलं नाही, म्हणून पदक तुझं. मी हे सगळ्या गल्लीला समजावून सांगितलंय. शिंप्याला सांगितलं तेव्हा तो नुसता चमत्कारिक हसला आणि सुईत दोरा ओवत बसला. त्याला खेळातलं काय कळणार.

सुट्टी मिळाली की ये. बाकावर तुझी जागा आहे.

तुझी आत्या

---

२७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, काडी डगमगली नव्हती.

तुला ऐकू आलं नाही म्हणून तुला माहीत नाही, आणि शेजारी बसलेल्यांपैकी कोणी तुला सांगितलंही नाही असं दिसतंय. उडी मारणारा कडेवर उभा राहिला की सगळ्यांनी गप्प बसायचं, हे तूच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतंस. पोरं बोलली तर तू त्यांना तलावाबाहेर काढायचीस. माझ्या वेळी सगळे गप्प होते. इतके गप्प की मला माझ्याच पायाखालचा ओला आवाज येत होता. काडी उभी राहिली आणि सगळं स्टेडियम ओरडायला लागलं. आपल्या देशाचं नाव घेत होते, पाय आपटत होते, कोणी भोंगे वाजवत होतं. एवढ्या उंचीवर, पाठमोरी, टाचा हवेत, अशा वेळी माणूस पडून मरायचा. तिनं हात खाली घेतले आणि आत आली, कोणीही आलं असतं. गोंगाटामुळे थांबावं लागलं तर दोन गुण माफ करायचा अधिकार मुख्य पंचांना असतो, हेही तूच सांगितलंयस. त्यांनी माफ केले नाहीत. ते आपल्याच देशाचे आहेत.

मग ती पुन्हा कडेवर गेली, तशाच गोंगाटात, आणि तिनं उडी मारली. ती तू पाहिलीस. तिच्यामागे पाणी मिटलं तेव्हा कळलंसुद्धा नाही. माझ्या उडीच्या वेळी काय झालं ते मला पाण्यानंच सांगितलं होतं. पोटऱ्यांवर चापट बसली, पाय उभ्या रेषेच्या पलीकडे गेले होते. त्याला साडेआठ.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जातेय. शिबिरात मी काडीला आपले बोटांचे गुण शिकवले होते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, आमचं सगळं बोलणं बोटांवरच चालायचं. त्या दिवशी ती पाण्यातून वर आली आणि गुणफलकाकडे न बघता तिनं माझ्याकडे बघितलं. माझी उडी झाल्या झाल्या सचिवांनी माझ्या हातात मोठा झेंडा दिला होता, दोन्ही हातांनी धरून कॅमेऱ्यापुढे उभं राहायला सांगितलं होतं. माझे दोन्ही हात त्यात गुंतले होते. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग शिडीकडे गेली.

माझा गळा दाटला नव्हता, आत्या. राष्ट्रगीताच्या वेळी माझ्यापेक्षा एक पायरी खाली काडी ताठ उभी होती, आपल्या गाण्याला मान देत. मला गाता आलं नाही.

मी सचिवांना म्हटलं की पंचांची चूक झाली असं महासंघानं कळवावं. ते म्हणाले, पदक देशाचं आहे, तुझं एकटीचं नाही. लहानपणापासून मी हेच म्हणत आले, शाळेत भाषणातही म्हटलंय. परवा पहिल्यांदा ते ऐकून अंगावर काटा आला.

सरावाला जाते. मनोऱ्यावर चढते, कडेपर्यंत जाते आणि जिन्यानं खाली येते. प्रशिक्षक म्हणतात विश्रांती घे. मला विश्रांती नको, मला आकडा हवाय. सगळे मला दहापैकी दहा देतायत आणि मी कुठं उभी आहे तेच मला कळेनासं झालंय. तूही लपवलंस तर मी कुणाच्या हाताकडे बघायचं?

तुझी बेडकी

---

५ एप्रिल

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी तशीच तुझ्या बाबांकडे गेले आणि विचारलं. आमच्या बोलण्याची पाटी त्यांनी पुढं ओढली आणि खडू उचलला. मग लिहिलं, सगळीकडे असंच असतं, तिकडे आपल्या पोरांनाही ओरडतात. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. त्यांनी लिहिलं, तू रडत होतीस, खूश होतीस. तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मग त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलं, की पोरीला आकडा कळवू नकोस, खचेल. मी पाटी पुसली आणि घरी आले.

मला फार लागलंय, बेडके. माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलाशी सगळ्यांनी ते ऐकलं आणि मी एकटी नियमाच्या गप्पा मारत गल्लीभर फिरले. शिंप्याकडे गेले. त्यानं मापाच्या कागदावर लिहून दाखवलं, तुम्हाला माहीत असूनही तसं बोलताय असं वाटलं, म्हणून गप्प बसलो. त्याला मी तशी बाई वाटले, याचं वाईट वाटलं. तुझा फोटो तिकीटखिडकीवर आहे, तो मात्र मी काढला नाही. झेंडा वर जाताना रडले तेही मी परत घेणार नाही. तो झेंडा माझा आहे. म्हणूनच तो तुझ्या हातात असा कोंबलेला मला सहन होत नाही.

आणि मी स्वतः? तुझी उडी पाण्यात शिरली त्याच क्षणी माझी बोटं टेबलाखाली आकडा मोजून मोकळी झाली होती. पण सोनं दिसलं आणि मी हात पदराखाली घेतला. तू पाण्यात हात शोधत होतीस आणि इकडे मी तो लपवत होते.

तर घे. तुला सव्वासहा. सहा कशाचे ते तुला ठाऊक आहे. गुडघे उशिरा उघडलेस, म्हणून पाय पलीकडे गेले. वरचा पाव, हात शेवटपर्यंत जोडलेले ठेवलेस म्हणून. काडीला पावणेनऊ, आणि त्यातून काहीही वजा नाही.

खचलीस तर पत्र लिही. नाही खचलीस तरी लिही.

पदराबाहेर हात काढून,
तुझी आत्या

---

३० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तलावाच्या पायऱ्यांवर बसून रडले आणि मग मला सणकून भूक लागली. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी मनोऱ्यावरून जिन्यानं आले नाही. गुडघे लवकर उघडले. तू असतीस तर साडेसात दिले असतेस, फार खूश असतीस तर पावणेआठ.

काडीला मी कार्ड पाठवलं. शब्द येत नाहीत म्हणून हात काढले. तिच्या नावाखाली पावणेनऊची बोटं, माझ्या नावाखाली सव्वासहाची, आणि बाजूला बाकावर बसलेली तू. तुझं चित्र जमलं नाही, सुरकुतलेल्या कासवासारखी दिसतेस. तिचं उत्तर काल आलं. माझ्या सव्वासहावर तिनं खूण केलीय, म्हणजे मान्य. स्वतःच्या हातांवर मात्र खाडाखोड करून साडेआठ केलेत आणि खाली डावं पाऊल जरासं वाकलेलं काढलंय. तुझी नजर तेवढी चुकली, आत्या. पडदाच लहान, त्यात बाबांचं टक्कल.

परवा एका शाळेत सत्कार होता. एका लहान मुलीनं विचारलं, त्या उडीला किती गुण मिळायला हवे होते. मी माइकवर सव्वासहा म्हणाले आणि पदक दुसऱ्या मुलीच्या वाट्याचं होतं, हेही सांगितलं. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनय वाटला. सचिवांना वाटला नाही, आणि जाहिरातही गेली असं कळलंय. पदक अजून माझ्याचकडे आहे. महासंघ घेत नाही, काडीकडे पाठवलं तर ती परत पाठवेल. मोज्यांच्या कप्प्यात ठेवलंय. मला ते बघवत नाही आणि टाकवतही नाही, पुष्पगुच्छांसारखंच.

बाबांवर फार रागावू नकोस. त्यांचा काल फोन आला होता. बराच वेळ हवेबिवेचं बोलले आणि मग म्हणाले की आत्या पाटी पुढं करत नाही. त्यांना खडू दे.

पुढच्या आठवड्यात सुट्टी घेऊन येतेय. कोणाला सांगू नकोस, फोटो काढणारे नकोत. फरशांचं काम संपलं नसलं तरी खोल बाजू चालू असेल ना? सकाळी पोरं यायच्या आत जाऊ. मी वर चढेन, तू बाकावर बस. टाळ्या तू कधीच वाजवल्या नाहीस. मी वर येईन तेव्हा डोळ्यांत पाणी असेल आणि पहिल्यांदा काही दिसणार नाही, तेव्हा घाई करू नकोस. हात वर धरून ठेव.

तुझी बेडकी