तंबूला किमान दोघं

आप्पा, मागच्या शनिवारी मी पवनेच्या धरणावर तंबूत राहून आले. तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, की तंबू ठोकला कुणी? कुणीच नाही. तो आधीच ठोकलेला असतो. पाण्याच्या काठाने नारिंगी रंगाचे वीसेक तंबू रांगेत उभे, आत गादी, उशी, मोबाईल चार्ज करायची सोय, आणि बाहेर मोठ्याने गाणी. पोरंपोरी खुर्च्या टाकून बसलेली, फोटो काढत. तुम्ही एकवार सगळीकडे नजर टाकली असती आणि म्हणाला असता, 'यांना घरी झोपायला काय झालं होतं?' मला हसू आलं, आणि ते कुणाला सांगावं असं शेजारी कुणी नव्हतं.

आपला तंबू खडकीच्या बाजारातला. लष्कराचा जुना माल विकायला यायचा, त्यातून तुम्ही तो उचललात. हिरवट, जाड, दोन ठिकाणी ठिगळं, आणि वजन इतकं की तुम्ही आणि आई दोघं मिळून तो स्टेशनापर्यंत न्यायचात. मे महिन्यात तुम्ही कारखान्यातून चार दिवसांची रजा काढायचात आणि त्याच्या आधीच्या रविवारी क्वार्टर्ससमोरच्या मैदानात आपल्या चौघांची कवायत व्हायची. चार दोर, चार माणसं. प्रत्येकाचा दोर ठरलेला, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. धाकट्याला खुंटी ठोकता यायची नाही, तो हातोडी बोटावर मारून घ्यायचा, तरी तुम्ही थांबून राहायचात, मदत करायचा नाहीत. शेजारचे काका चहाचा कप घेऊन पायरीवर बसत आणि विचारत, 'काय, निघाली का पलटण?' मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या मैत्रिणी सुट्टीत मामाच्या गावी जायच्या, आंबे खायच्या. आपण मळवलीला उतरून, डोक्यावर बोचकी घेऊन, लेण्यांच्या पायथ्याशी एखाद्या पडीक रानात जाऊन राहायचो.

आता त्यातलं मला काय काय आठवतं, याचं माझं मलाच नवल वाटतं. आई वातीच्या स्टोव्हवर सुकट परतते आहे आणि तिच्या वासाने कुठून कुठून कुत्री जमली आहेत. 'सुट्टी तुमची आणि चूल माझी' असं ती म्हणते, आणि तुम्ही उठता, जेवणाची भांडी गोळा करता आणि ओढ्यावर नेऊन राखेने घासायला बसता. घरी तुम्ही कधी पेलासुद्धा विसळला नाहीत. त्या चार दिवसांत मात्र भांडी तुमचीच, आणि आई पाण्यात पाय सोडून बसलेली, अगदी आरामात. सकाळी तुम्ही आम्हाला लेण्यांत घेऊन जायचात. आत गेल्यावर चपला काढून हात जोडायचात, आम्हालाही जोडायला लावायचात, आणि मग म्हणायचात की हे सगळं हाताने कोरलंय, एकेक टवका काढून, तेव्हा गृहपाठाचा कंटाळा आला की हे आठवायचं. मला दरवेळी वाटायचं, हे कोरणाऱ्या लोकांवरही तुमच्यासारखाच कुणी कडक साहेब असणार.

तंबूच का, हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं. मी चार वर्षांची असताना आणि धाकटा नुकता झालेला असताना आपण पहिल्यांदा लेणी बघायला गेलो होतो. तिथल्या एका गावात उतरायची सोय होती. तिथल्या माणसाने तुमचं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, आणि मग सांगितलं की सगळ्या खोल्या भरल्यात. आई म्हणाली, त्याच्या मागे खिळ्यांना किल्ल्या लटकत होत्या, सगळ्याच्या सगळ्या. संध्याकाळच्या गाडीने आपण परत आलो. पुढच्या मे महिन्यात घरात तंबू आला.

आणि तंबूबरोबर तो नियम आला. मला तो कळला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आपल्या तंबूपासून थोड्या अंतरावर एक घर होतं, त्यात माझ्या वयाची एक मुलगी होती. मी सकाळी तिला खेळायला बोलवायला गेले तर तिची आई म्हणाली, तिला काम आहे. मी संध्याकाळी पुन्हा गेले. अंगणात उभी असतानाच तुम्ही मागून आलात, माझा हात धरलात आणि मला परत घेऊन आलात. तंबूपाशी पोचल्यावर म्हणालात, 'एकदा विचारलंस ना? नाही म्हणाले ना? मग संपलं. कुणाच्या दारात दुसऱ्यांदा जायचं नाही.' मी खूप रडले. मग तुम्ही ओढ्यातून पाच गुळगुळीत खडे वेचून आणलेत आणि माझ्याशी सागरगोट्यांसारखे खेळायला बसलात. कारखान्यात काम करून जाड झालेल्या तुमच्या बोटांतून दरवेळी खडे निसटायचे. इतकं वाईट खेळणारा गडी मला पुन्हा भेटला नाही. अंधार पडेपर्यंत आपण खेळलो.

आप्पा, आज मी एकसष्ट वर्षांची आहे आणि तुम्हाला तोंडावर सांगते, तो नियम मला महागात पडला. त्या किल्ल्यावाल्याच्या दारासाठी तो बरोबर होता. तुम्ही मात्र तो सगळ्या दारांना लावायला शिकवलात, आणि मी आज्ञाधारक मुलगी. कचेरीत बदली एकदाच मागितली. एका माणसाला मनातलं एकदाच विचारलं, तो म्हणाला थोडं थांबू या, तर मी पुन्हा विषय काढला नाही. बिचारा कदाचित अजून थांबला असेल. आई गेल्यापासून मी बिबवेवाडीत एकटी राहते. आपलं छान चाललंय असं सगळ्यांना सांगते, आणि ऐकणाऱ्यांना ते पटतंसुद्धा.

धाकटा हिंजवडीला असतो. एका मोठ्या कंपनीच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघतो, म्हणजे दिवसभर कोण कुठे अडकलंय याचेच फोन घेतो. आमच्या दोघांत भांडण नाही, मधे फक्त पुण्याची वाहतूक आहे. रविवारी त्याचा फोन येतो, तब्येत, गोळ्या, पाणी आलं का, आणि मग 'चल ताई, ठेवतो'. दोन वर्षांपूर्वी मी त्याला म्हटलं होतं, एकदा जाऊ या का रे धरणावर, तंबूत, दोघंच. तो म्हणाला, 'बघतो.' आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय ते पुण्यात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. पण यंदा तो सत्तावन्न वर्षांचा झाला. तुम्ही गेलात तेव्हा सत्तावन्नचेच होता. परवा त्याचा फोटो पाहिला, चष्मा कपाळावर सरकवलेला, हुबेहूब तुम्ही.

म्हणून मी एकटीच जायचं ठरवलं. बुकिंगसाठी फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, 'सॉरी मॅम, सिंगल अलाऊड नाही. तंबूला किमान दोघं लागतात.' का, असं विचारलं तर म्हणाली, पॉलिसी आहे. आडनाव विचारलं नाही, तेवढी प्रगती म्हणायची. मी म्हटलं, ठीक आहे, दोघं येतोय. मग मोबाईलवर फॉर्म आला. दुसऱ्या माणसाच्या रकान्यात मी तुमचं नाव लिहिलं, आप्पा. वय विचारलं होतं, तिथे थोडा वेळ थांबले आणि सत्तावन्न लिहिलं. त्यापुढे तुमचं वय वाढलेलंच नाही ना. वडील आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

तिथे जेवणाचं बघायला गावातलीच एक बाई होती, पन्नाशीची, कामाला वाघ. संध्याकाळी सातच्या सुमाराला ती दोन ताटं घेऊन आली आणि विचारलं, दुसरं माणूस कुठाय. मी म्हटलं, यायचंय अजून. तिने हातातली यादी वाचली. 'सत्तावन्न. धाकटं भाऊ हायत का?'

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं, पण ती काय विचारते आहे ते ऐकलं आणि तोंडातून हो निघालं. तिने दुसऱ्या ताटावर एक रिकामं ताट पालथं घातलं, पण गेली नाही. 'मग फोन तरी लावा की, ताई. अंधाराचा घाटरस्ता हाय, चुकलं असतील.' ती तशीच उभी राहिली, पदराला हात पुसत. मी पर्समधून फोन काढला, कुठलाही नंबर न दाबता कानाला लावला आणि पाण्याकडे तोंड करून बोलायला लागले. 'कुठे पोचलास रे? जेवायला थांबलेय तुझ्यासाठी. कितीही उशीर होऊ दे, पण ये. मला एकटीला करमत नाही.' बाईचं समाधान झालं, ती गेली. मी आणखी थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवला.

आज सोमवार आहे. हे पत्र धाकट्याला पाठवावं असं मघाशी वाटलं होतं, पण नाही पाठवणार, आणि तुम्हाला पाठवायला तर पत्ताच नाही. त्या बाईसमोर जे बोलले, ते मी त्याला आजवर कधीच म्हटलेलं नाही. आज सकाळी त्याचा नंबर दोनदा लावला. दोन्ही वेळा, तो उचलायच्या आत, मीच फोन बंद केला.